तीर्थलालच्या रथात

बेखामानने आरशात पाहून टोपी तिरकी केली आणि जाहीर केलं, "जाणार, पोटभर जेवणार, चार टोमणे मारणार आणि अंधार पडायच्या आत घरी! तीर्थलालचं जंकू बघून मला वाईट वाटेल असं ज्याला वाटतंय, त्याने येऊन माझा चेहरा बघावा!"

चेहरा बघायला घरात कुणी नव्हतं. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, दोन्ही मुलगे सिडनीत. ऐकणारी एकच, खालच्या मजल्यावरची भाडेकरीण. तीही जिन्यातून ओरडली, "काका, मफलर घ्या! धुकं बघा केवढं पडलंय!"

जंकू म्हणजे सत्याहत्तर वर्षं, सात महिने आणि सात दिवसांचा वाढदिवस. त्या दिवशी मुलं, सुना, नातवंडं म्हाताऱ्याला लाकडी रथात बसवतात आणि गावातून ओढत नेतात. म्हातारा त्या दिवसापासून देवात जमा होतो आणि बाकीच्यांनी त्याच्या पाया पडायचं. गोम एवढीच, की हा दिवस एकदाच उगवतो आणि रथ ओढायला घरची माणसं लागतात. बेखामान तीर्थलालहून पाच महिन्यांनी मोठा, त्यामुळे त्याचा दिवस भाद्रपदात येऊन गेला. थोरला फोनवर म्हणाला होता, "बाबा, रजा मिळत नाहीये. पुढच्या वर्षी दणक्यात करू!"

पुढच्या वर्षी! म्हणजे बापाने पुन्हा एकदा सत्याहत्तरचं व्हायचं!

त्याच आठवड्यात तीर्थलालने विचारलं, "काय रे, तुझं जंकू कधी?"

"झालं की! मुलं येऊन गेली. मोजक्या लोकांत उरकलं."

थाप मारताना बेखामानची जीभ जराही अडखळली नाही. पण साठ वर्षांच्या दोस्तीनंतर आपण मोजक्या लोकांत नव्हतो, हे तीर्थलालला असं काही झोंबलं की पाच महिने त्याने फोन केला नाही. आमंत्रणाची पत्रिका तेवढी आली, तीही टपालाने.

धुक्यामुळे पाटणहून निघालेली बस पनौतीला पोचेपर्यंत अकरा वाजले. तीर्थलालच्या अंगणात सत्तर-ऐंशी माणसं, बनेप्याहून आणलेले ढोलवाले, मधोमध झेंडूने मढवलेला रथ, आणि रथात जरीच्या शालीत तीर्थलाल. पहाटे न्हावीण येऊन त्याची नखं काढून, पावलं अळित्याने लालभडक रंगवून गेली होती. अनवाणी पायांनी तो थंडीत कुडकुडत होता.

"आलास?" तीर्थलाल म्हणाला. "मला वाटलं, तुलाही मोजके लोकच आवडतात."

"आलो ना? आता आल्या आल्या चावू नकोस."

"बेखा, ते नंतर बघू. आधी वर ये." त्याचा आवाज एकदम खाली आला. "पहाटेपासून तीन वेळा जाऊन आलो, आता चौथ्यांदा लागलीये. आसन रिकामं ठेवू नका, असं गुरुजींनी बजावलंय. पाच मिनिटं बस."

"मी? तुझ्या रथात?"

"तुझं तर झालंय! तुला काय नवलाई? बस!"

बेखामान बूट काढून वर चढला. तीर्थलालने शाल आणि माळ त्याच्या अंगावर टाकली आणि मागच्या बाजूने उतरून परसात पसार झाला. वर वारा झोंबत होता. बेखामानने शाल डोक्यावरून नाकापर्यंत ओढून घेतली.

तेवढ्यात गुरुजी घड्याळ बघून किंचाळले, "मुहूर्त चालला! ओढा!"

ढोल कडाडले. तीर्थलालचा मुलगा विश्वराम, सून नानीमैया आणि नातवंडांनी दोर खेचले आणि रथ हलला.

"अहो थांबा! मी तो नव्हे!" बेखामान हात हलवत ओरडला.

"बाबा आशीर्वाद देतायत!" विश्वराम मागे न बघताच गरजला. "जोरात ओढा!"

बेखामानने पुन्हा तोंड उघडलं, तर खिडकीतून कुणीतरी भिरकावलेल्या मूठभर लाह्या थेट आत. त्या गिळेपर्यंत रथ गल्लीबाहेर पडला होता.

इकडे तीर्थलाल नाडी बांधत धावत आला. अंगावर शाल नाही, गळ्यात माळ नाही. "अरे, माझा रथ!" करत तो मिरवणुकीच्या शेपटाला भिडला. तिथे सगळे बनेप्याचे ढोलवाले. त्यांनी त्याला ओळखायचं कशावरून?

"आजोबा, रथ सगळ्यांचाच! या, हात लावा!" म्हणत एकाने रथामागच्या दोराचं टोक त्याच्या हातात कोंबलं. मागून ढोलवाल्यांचा रेटा, पुढून दोराचा हिसका. ज्याचं जंकू, तोच बिचारा अनवाणी स्वतःच्याच रथामागे फरफटू लागला!

पहिल्या वळणापर्यंत बेखामान ओरडत होता. दुसऱ्या वळणावर एका म्हातारीने चाकापाशी डोकं टेकलं. एका बाईने आपलं तान्हं त्याच्या पायांपाशी धरलं. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून फुलं पडत होती, आणि खाली कुणाची का असेनात, मुलं-सुना-नातवंडं घाम गाळत त्याला ओढत होती. शाल दूर केली असती तर क्षणात सगळं थांबलं असतं. बेखामानने दोन्ही हातांनी शाल धरली आणि आणखी खाली ओढली.

मग तो गप्प बसून रडला. भाद्रपदात रडायचं राहून गेलं होतं.

रथ दारी परतला. नानीमैया तांब्या घेऊन पाय धुवायला वाकली, आणि तिच्या हातातून तांब्या सुटला. समोर तपकिरी मोजे होते, आणि एकातून अंगठा बाहेर डोकावत होता!

"हे आमच्या बाबांचे पाय नाहीत!"

शाल खसकन ओढली गेली. तेवढ्यात दोरासकट तीर्थलाल पुढे आला. पायांवर अळित्यापेक्षा चिखल जास्त होता.

"उतर! स्वतःचं जंकू मला चोरून केलंस, आता माझंही चोरलंस? लाज नाही वाटत?"

"तूच बसवलंस ना मला!"

"बसवलं होतं! मिरव म्हणालो होतो?"

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी बराच वेळ पोथी चाळली, मग घसा साफ केला. "मुहूर्त तर गेला. आता प्रश्न एवढाच, की हे जंकू कुणाला लागू झालं. बेखामानजींचं आधी झालं असेल, तर दुसरं त्यांना चिकटत नाही. मग हे तीर्थलालजींचंच. पण बेखामानजींचं झालं नसेल, तर मात्र आज झालं ते त्यांचं, आणि तीर्थलालजींचं कायमचं राहिलं." त्यांनी चष्मा वर केला. "बेखामानजी, नक्की सांगा. तुमचं झालंय ना?"

तीर्थलाल त्याच्याकडे बघत होता. राग कुठल्या कुठे गेला होता. नवं खेळणं कुणी पायाखाली चिरडल्यावर पोराचा व्हावा, तसा त्याचा चेहरा झाला होता.

बेखामानच्या टोपीत अजून लाह्या होत्या. त्याने त्या झटकल्या.

"झालंय," तो म्हणाला. "भाद्रपदात. सांगितलं होतं की सगळ्यांना."

"झालंच आहे त्याचं!" तीर्थलाल आनंदाने ओरडला. "दोन्ही मुलगे आले होते! मला नाही बोलावलं म्हणून काय झालं, कार्य झालंय!"

ढोल पुन्हा वाजले. तीर्थलालला आसनावर बसवलं, नानीमैयाने त्याचा चिखल धुतला, सगळे पाया पडले. जेवताना त्याने शकुनाचं उकडलेलं अंडं बेखामानच्या पानात ठेवलं.

"खा. तुझ्या वेळचं मला मिळालं नव्हतं, हे मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"नको विसरूस," बेखामान म्हणाला आणि अंडं खाल्लं. घरून निघताना ठरवलेल्या चार टोमण्यांपैकी एकही त्याला आठवेना.

परतीच्या बसमध्ये मफलर गुंडाळून बसल्यावर त्याचा फोन वाजला. थोरल्याचा निरोप होता. विश्वरामने मिरवणुकीचा फोटो सगळीकडे पाठवला होता, तो सिडनीपर्यंत पोचला होता.

"बाबा, काय सुंदर फोटो! तीर्थकाका रथात अगदी राजासारखे दिसतायत. पण तुम्ही कुठे दिसत नाही?"

बेखामानने चष्मा पुसला आणि एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं, "फोटो मीच काढला."