एकटा मावळा मिळणार नाही

समस्त सुजाण नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या भानुकाकांकडे एक मावळा विकत मिळणार नाही. दोन मिळतील, वीस मिळतील. एक नाही. ओळख, विनंती किंवा डोळ्यांत पाणी, कशाचाही उपयोग होणार नाही. तिन्ही प्रयोग मी स्वतः करून पाहिले आहेत.

भानुकाका दिवाळीच्या किल्ल्यांसाठी मातीचे मावळे करतात. काकू गेल्यापासून दुकानात एकटेच. गिऱ्हाईक आलं की आधी उलटतपासणी. किल्ला कुठे करणार? अंगणात की गॅलरीत? माती कुठली? दरवाजाशी कोण उभं राहणार? गिऱ्हाईक चुळबुळ करू लागलं की शांतपणे म्हणतात, "घाई असेल तर प्लॅस्टिकचे घ्या. ते कुठेही उभे राहतात." आणि कुणी एकच मागितला तर, "पहाऱ्यावर एकटा माणूस ठेवत नसतात."

त्यांच्या गल्ल्याशेजारी मात्र एक रंग उडालेला मावळा कायम एकटाच उभा. जोडीदार कधीच फुटलेला. म्हणून तो विकायचा नाही.

असा माणूस मी शाळेच्या निधीसाठी गाठला. मी चित्रकला शिकवतो. आमच्या चौथीच्या वर्गाचे पत्रे असे गंजलेत की फळ्यावर उन्हाचे कवडसे पडतात. सुट्टीनंतर मुलं नव्या पत्र्यांखाली बसतील, असं मुख्याध्यापिका लिमयेबाई पालकसभेत बोलून बसल्या होत्या. योजना सोपी होती: काकांनी भाजलेले कोरे मावळे द्यायचे, चौथीने रंगवायचे, शाळेतच विकायचे, निम्मं उत्पन्न शाळेला. मुलांनी जीव ओतला. एका मावळ्याला निळ्या मिश्या आल्या, एकाला चष्मा, एकाच्या अंगरख्यावर लाडक्या क्रिकेटपटूचा नंबर.

विक्रीच्या दिवशी रांग लागली आणि योजनेतली खोट माझ्या लक्षात आली. प्रत्येक पालकाला एकच मावळा हवा होता. आपल्या पोराचा.

"एक देत नाही," काका पहिल्याच बाईंना म्हणाले.

"अहो, पण हा माझ्या मुलाने रंगवलाय."

"रंग त्याचा. जोडी लागेल."

"दुसऱ्याच्या मुलाचा घेऊन मी काय करू?"

रांग कुजबुजू लागली. दोघे-तिघे घड्याळ बघत चालते झाले. लिमयेबाईंनी शाळेची योजना, पालकांच्या भावना वगैरे समजावून पाहिलं.

"योजना तुमची, बाई. मावळे माझे."

बाई माझ्याकडे वळल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "सर, पत्रे आले नाहीत तर चौथीचा वर्ग तुमच्या घरी भरेल."

मी घाम पुसत होतो, तेवढ्यात पहिल्या बाईंनी मागच्या बाईंना विचारलं, तुमच्याकडे अंगण आहे का? होतं. यांच्याकडे फक्त गॅलरी. मग काय, दोघींच्या मुलांनी एकाच अंगणात किल्ला करायचा, असं ठरलं. काकांनी अंगणाची दिशा विचारली, माती विचारली आणि निळ्या मिश्या नि चष्मा एकाच कागदात बांधले. मागची रांग लगेच जोड्या जुळवू लागली. इतक्या चिकित्सेने हल्ली लग्नंही जमत नाहीत. गेलेलेही परत आले. लिमयेबाईंनी पत्रेवाल्याला फोन लावला.

टेबलावर एक मावळा उरला. अन् धापा टाकत एक गृहस्थ आले, कात्रजहून, ड्यूटीच्या कपड्यांतच.

"उशीर झाला हो. ह्यो माझ्या पोरीचा. सकाळपासून वाट बघतीया."

जोडीला कुणी उरलं नव्हतं. काकांनी मावळा उचलला, खाली ठेवला. मी म्हणालो, काका, आजच्या दिवस. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग त्यांनी पिशवीत हात घातला. दुकानाबाहेर कुठेही बसले तरी तो जुना मावळा त्यांच्यासोबत असतो. तो काढून त्यांनी पोरीच्या मावळ्याशेजारी उभा केला, दोघांची तोंडं दरवाजाकडे केली आणि कागदात बांधू लागले.

"ह्याचं किती?" गृहस्थांनी विचारलं.

"ह्याचे पैसे नाहीत. किल्ला कुठे करणार?"

"घराम्होरं. लाल माती हाय."

"दरवाजा?"

"पोरगी ठरवंल. लय मोठा करायचा म्हणतीया."

काकांनी दोऱ्याची गाठ मारली. पुडकं पुढे केलं, पण हातातून सोडेनात. आणि ज्यांनी जन्मभर गल्लोगल्लीच्या किल्ल्यांची चौकशी केली, ते भानुकाका एकदम बोलून गेले,

"झाला की मला बघायला बोलवाल का? आजवर कुणी बोलावलंच नाही."