सातव्या आणि आठव्या अध्यक्षांच्या मधोमध

इनासभाऊ तुस्कानो यांना वर्ष विचारू नये. ते अध्यक्ष सांगतात. "गुडघ्याचं ऑपरेशन? सहावे." "हा ओव्हन? पाचव्यांच्या अगदी शेवटी." जर्मनीत लुडविग्सहाफेनमधील त्यांच्या चर्चच्या कॅथलिक सेवा-बंधुमंडळाचे ते चिटणीस आहेत, आणि काळ हा त्या मंडळाचाच एक पोटविभाग आहे, अशी त्यांची धारणा आहे.

ते मूळचे वसईचे. तरुणपणी रसायनांच्या कारखान्यात नोकरीस आले. मी जिल्हा न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त होऊन मुलाकडे राहावयास आलो, तो त्यांच्या वरच्याच मजल्यावर. मी वकील नाही, हे दोनदा लेखी कळवूनही ते मला 'वकीलसाहेब' म्हणतात.

गेल्या वर्षी त्यांनी मंडळाचा इतिहास लिहावयास घेतला. मंडळाचे काम खरोखर चांगले आहे: आजाऱ्यांची विचारपूस करणे, एकट्यांना सोबत देणे, ज्याला नातलग नाहीत त्याच्या शवपेटीला खांदा देणे. इतिहास मात्र अध्यक्षांचा. तिसऱ्यांनी ध्वज आणला. चौथ्यांनी तो बदलला. मिरवणुकीत ध्वज बँडच्या पुढे असावा की मागे, या वादात पाचव्यांची संपूर्ण कारकीर्द खर्ची पडून प्रकरण सहाव्यांकडे वर्ग झाले. सर्वांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामे दिले आणि त्यानंतर दीर्घकाळ ठणठणीत राहिले.

हस्तलिखित तपासताना माझ्या लक्षात आले की सातवे पायउतार झाल्यापासून आठवे येईपर्यंत अकरा महिने अध्यक्षच नाही.

"इनासभाऊ, या काळात कारभार कोणी पाहिला?"

"चिटणिसाने."

"म्हणजे तुम्ही!"

"आल्झो... म्हणजे, सह्या केल्या थोड्या."

मंडळाची घटना मी शब्दकोश घेऊन वाचली. पद रिक्त असता चिटणीस हाच अध्यक्ष, असे तीत निःसंदिग्ध नमूद आहे. ध्वज बदलणाऱ्यास पूर्ण पान, आणि मंडळ चालवणाऱ्यास एक ओळ नाही! माझा संताप अनावर झाला. मी कार्यकारिणीस पत्र लिहिले. उत्तर आले की सभागृहाच्या भिंतीवर तसबिरींसाठी आठच खिळे आहेत. मी कळविले की खिळ्यांच्या संख्येने कोणाचा हक्क ठरत नाही. (जर्मन भाषांतर करताना माझ्या मुलाने निम्मा संताप परस्पर वगळला, असा मला संशय आहे.) चौथ्या पत्रानंतर विद्यमान अध्यक्ष श्री. केस्लर स्वतः आमच्या जिन्यात उभे राहिले.

"गेनाऊ, तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्यांचा फोटो पाठवा. पण कृपा करून आता पत्र नको."

विजयवार्ता घेऊन मी खाली गेलो. इनासभाऊ भडकले.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला? माझं नाव घातलं तर पुस्तकच परत घेईन मी!"

"अहो, हा तुमचा हक्क आहे."

"राहू द्या तो हक्क. शेवटचं प्रकरण वाचलंत का?"

वाचले नव्हते. ज्यांना मदत झाली, त्यांचे ते प्रकरण. मदत घेणाऱ्याचे नाव कधीही लिहावयाचे नाही, हा मंडळाचा शिरस्ता. त्यामुळे मला त्यात तपासण्याजोगे काही वाटले नव्हते. त्या अकरा महिन्यांखाली एकच नोंद होती:

'एक विधुर. रोज संध्याकाळी कोणीतरी सभासद त्याच्यासोबत जेवावयास बसला. बटाट्याचे सूप अळणी असे. कोणी फारसे बोलत नसे.'

मी मान वर केली. इनासभाऊ चष्मा पुसत होते.

"माझी बायको सेसिल गेली तेव्हा हे लोक आळीपाळीने यायचे, वकीलसाहेब. मी कसला अध्यक्ष! मला धड भात लावता येत नव्हता. माणूस एका पुस्तकात एकाच ठिकाणी बसतो. मी तिथे आहे."

दुसऱ्या दिवशी मी पाचवे पत्र लिहून आधीची चारही मागे घेतली. कारण दिले नाही; विनाकारण असे पत्र मी आयुष्यात प्रथमच धाडले. येथेही त्यांचे नाव मी बदलून लिहिले आहे.