आक्रमणातून वगळलेलं दुकान

टोकियो भुईसपाट करण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता! दर रविवारी संध्याकाळी टीव्हीवर परग्रहावरून कुणीतरी उतरायचं आणि शहर तुडवून जायचं. ते गुडघाभर उंचीचं शहर स्टुडिओत बांधायचो मी.

माझ्या चिझुरूचे वडील, कुरामोचीकाका, टोफूवाले. "खेळणी करणाऱ्याला मुलगी देत नाही," एवढं बोलून त्यांनी आमच्या लग्नाचा विषय मिटवला होता. मग मी बेत केला. पुढच्या आक्रमणात काकांचंच दुकान बांधायचं. आजूबाजूचं सगळं जाईल, ते तेवढं उभं राहील. परग्रहवाशाच्या रबरी कातड्यात शिरून शहर तुडवणारे ओनोदेरा माझे दोस्त. त्यांना गळ घातली. ते म्हणाले, "गळ्याशी दोन भोकं आहेत, त्यांतून बघून पाय टाकीन. तू निर्धास्त राहा."

चित्रीकरणाला काकांना घेऊन गेलो. दुकान पाहताच ते उकिडवेच बसले. नखाएवढे टोफू पाण्यात होते आणि दारावरच्या पडद्याला त्यांच्या दिवंगत बायकोने लावलेलं ठिगळसुद्धा होतं. काकांनी टोपी काढली. "ही तर तिचीच शिवण," ते पुटपुटले.

संधी एकदाच मिळणार होती. तुडवलेलं शहर काही परत उभं राहत नाही. धूर सुटला आणि धुरातून ओनोदेरा आले. आत कोण आहे ते मला ठाऊक, तरी अंगावर काटा आला! शिंगं पार दिव्यांना टेकलेली. बँक गेली, स्टेशन गेलं. दुकानामागे येऊन मात्र ते थांबले आणि पाऊल जपून बाजूला टाकलं. जिंकलो!

समोर कॅमेऱ्याशेजारी काकांचे डोळे डबडबले होते. आभार मानायला ते कमरेतून खोल वाकले. आता आमच्याकडे समोरचा वाकला की आपली कंबर आपोआप वाकते. परग्रहवासीही वाकला. शिंगांसकट डोकं छपरातून थेट टोफूत!

ओनोदेरा शिंगाला पडदा अडकवून तसेच उभे राहिले. माझं लग्न त्या ढिगाऱ्यात गेलं, हे मी ओळखलं.

"अख्खं शहर न विचारता तुडवलं," काका शेवटी म्हणाले, "पण माझ्या दारात डोकं टेकवलं. काय संस्कार आहेत. आतल्या मुलाचं लग्न झालंय का?"

"झालंय. दोन पोरं आहेत."

काकांनी मोठा उसासा टाकला.

"मग काय करणार. तूच ये रविवारी जेवायला."