हरकत राखून

नातू झाल्याची तार गभणेबाबूंनी हरकत राखून घेतली. म्हणजे पोचेवर सही केली आणि सहीच्या डोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं, 'हरकत राखून'. तारवाला चक्रावला. "पोरगं झालं ना बाबूजी, हरकत कायची?"

"नातवाले हरकत नाही गा. कागदाले आहे."

धाकट्याच्या प्रगतिपुस्तकावरही तेच. पोरगा वर्गात पहिला आला होता, तरी. ऑफिसात आम्ही त्यांना फार छळायचो. एकदा मी डब्यातलं भरलं वांगं पुढे केलं, तर ते चवीनं खाऊन म्हणाले, "हरकत राखून खाल्लं बरं."

दुखणं निराळंच होतं. सत्तरच्या सुमारास आमच्या मिलनं हजेरी मांडणारी दोन टाइम ऑफिसं एक केली आणि पंधरा वर्षं हेड टाइमकीपर असलेले गभणेबाबू एका सकाळी साधे टाइमकीपर झाले. ना नोटीस, ना विचारणा. खुर्ची मिळाली त्यांनीच काम शिकवलेल्या रामटेकेला. बाबूंनी हुकमावर मुकाट सही केली. त्यांना वाटलं, सही म्हणजे कागद मिळाल्याची पोच. पुढे कामगार कोर्टात कंपनीच्या वकिलानं तीच सही दाखवली, यांनी तर बदल मान्य केला होता म्हणून. युनियनच्या सेक्रेटरीनं कपाळावर हात मारला. "बाबूजी, सहीच्या वरतं 'हरकत राखून' लिहाले पाह्यजे होतं."

तेव्हापासून बाबूंनी ते दोन शब्द सोडले नाहीत.

चार वर्षं तारखा पडल्या. बाबू दिसले की रामटेके खुर्चीतून अर्धा उठायचा. बाबू म्हणायचे, "बस गा. तू थोडीच मांगितली होती?"

शेवटी बाबू जिंकले. नोटीस न देता माणसाला पदावरून खाली आणता येत नाही, असं कोर्टानं बजावलं. पद परत दिल्याचा हुकूम आला तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या टेबलाभोवती चहा घेऊन उभे होतो, आता हे काय लिहितात ते बघायला. त्यांनी नुसती सही केली. मला इतका आनंद झाला की माझा चहा बशीत सांडला.

चपराशानं दुसरा कागद रामटेकेपुढे ठेवला. आजपासून तो साधा टाइमकीपर. खाली मान घालून तो पेन उघडत होता. बाबू चहा तसाच टाकून उठले आणि त्याच्या कागदावर पंजा ठेवून उभे राहिले.

"थांब. आधी वरतं लिही, हरकत राखून. मंग सही."

"बाबूजी, हे तर तुमच्याच जागेपायी..."

"असू दे. तुले तरी कोठी नोटीस भेटली?" मग आवाज उतरला. "मी सही करून राहिलो होतो, तवा सारं ऑफिस पाहून राहिलं होतं. कोणी हात नाही धरला गा."

मी कपात बघत राहिलो. त्या सकाळी त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी होतो.