कवठाखालची दुसरी सिगरेट

किसन रोज दिवेलागणीला दोन सिगरेटी वळायचा आणि एकच ओढायचा. दुसरी मेलेल्या माणसासाठी असायची.

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळली. गावात विषय निघाला की मी तुरीला फूल कसं काय आहे ते विचारायचो, नाहीतर चपला शोधायला लागायचो. आता सत्तरी उलटली. चपलाही लवकर सापडत नाहीत.

आमचं गाव मेडशीपासून जवळच. मी एसटीत ड्रायव्हर होतो. रिटायर होऊन गावी आलो तेव्हा शेजारी किसन एकटा राहत होता. बायको गेलेली, मुलगा पुण्याला. त्याने माझं नाव कधी घेतलं नाही, 'डायवर' म्हणायचा.

सिगरेटीसाठी त्याला सोनाराकडचा गुलाबी कागद लागे, दागिना गुंडाळून देतात तो. महिन्यातून एकदा तो जीपने शेलूबाजारला जाई आणि सराफाच्या दुकानातून पुडकं घेऊन येई. त्यामुळे किसनकडे सोनं आहे अशी गावात हवा होती. एकदा घरात चोर शिरला आणि कागद नेला. किसन आठवडाभर हळहळला. "सोनं असतं तं नेलं असतं, हरकत नव्हती. कागद कायले नेला भडव्यानं?"

तंबाखूच्या प्रत्येक प्रकाराबद्दल त्याचं मत तयार असे. "बिडी म्हणजे लाडावलेली पोरगी. घडीभर लक्ष नाही दिलं का रुसून विझते. पाकिटातली सिगरेट म्हणजे शहरातला जावई. गोरा, सरळ, अन् तुमच्यासाठी थांबत नाही. तुमी बोलत बसा, तो आपला जळून मोकळा."

"अन् खर्रा?" मी मुद्दाम विचारायचो. स्वतः किसनने अर्धं आयुष्य सुपारी-तंबाखूचा हा खर्रा चघळला होता.

"खर्रा घोटते पानठेल्यावाला, खातो आपण. मेहनत त्याची अन् तोंड आपलं बंद. घरात आग लागली तरी माणूस आधी थुकाले जागा पाह्यते."

"चिलीम?"

"तिले चार जण लागते. माह्याजवळ कुठं हाय चार जण?"

मग तो मांडीवर गुलाबी चिटोरा पसरून चिमूटभर तंबाखू ठेवी, काड्या वेचून काढी, आणि अंगठ्याने हळूहळू वळत आणी. शेवटी जिभेचं टोक कडेवरून फिरवलं की झालं. "वढणं पाच मिनिटाचं असते, राजा. सुख वळण्याचं हाय. हात कामात असले का मन गप बसते. सबुरीचं काम हाय हे."

ही विद्या त्याच्या थोरल्या भावाची, महादेवची. महादेवला छातीचा आजार झाला तेव्हा डॉक्टरने तंबाखू बंद करायला सांगितली आणि किसनने त्याची पिशवी चुलीत घातली. शेवटच्या दिवशी महादेव म्हणाला, "किसना, एक वळून दे." किसन म्हणाला, "डाक्टर नाही म्हणते." महादेवने भिंतीकडे तोंड केलं आणि तसाच गेला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. शेवटी कुणीतरी भाताच्या बाजूला सिगरेट ठेवायला सांगितलं. वळायला कुणाला येत नव्हतं, म्हणून पहिली सिगरेट किसनने वळली. वाकडीतिकडी. ती ठेवली आणि कावळा उतरला. तेव्हापासून त्याने खर्रा सोडला. रोज एक सिगरेट आणि काडीपेटी तो मागच्या कवठाखालच्या दगडावर ठेवू लागला. ती तिथे नुसती भिजायची, वाळायची. मी गावी आल्यावर मात्र सकाळी तिथे थोटूक सापडायला लागलं.

गाव हादरलं. बाया कवठामागच्या बोळातून पाणी आणेनात. उजाडायच्या आधी कवठाखाली धूर दिसतो, कुणीतरी खोकतं, असं लोक सांगू लागले.

खोकायचो मी. डॉक्टरने माझीही तंबाखू बंद केली होती आणि पहाटे फिरायला सांगितलं होतं. बायको खिसे तपासून मला बाहेर सोडायची. फिरायला निघायचो तो थेट कवठाखाली. पहिल्यांदा वाटलं, वाया जाते आहे, ओढू एक. पण तिची चव फार चांगली होती.

एका धुक्याच्या पहाटे मी डोक्यावरून घोंगडी घेऊन ओढत उभा होतो. किसनचं मागचं दार करकरलं. बोटभर फट पडली. आतून आवाज आला, कापरा, लहान पोराचा असावा तसा. "दादा?"

मी थोटूक घोंगडीआड धरलं.

"दादा, माफ केलं ना मले?"

पळालो असतो तर पकडला गेलो असतो. मी नुसतं "हूं" केलं. दार लागलं. आत किसन मोठ्याने रडत होता.

त्या दिवशी त्याने घरोघरी गूळ वाटला. मलाही दिला. "डायवर, दादा बोलला!" मी गूळ खाल्ला.

मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी वाशीमला मुलीकडे गेलो. परत आलो तर दगडावर सिगरेटींचा ढीग, दवाने फुगलेल्या, गुलाबी रंग दगडावर उतरलेला. किसन आत पडून होता. गालफडं बसली होती. "दादा परत रुसला, डायवर. काय चुकलं माह्यं?" दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा त्याला पुण्याला न्यायला येणार होता. "जायच्या आधी एक डाव त्यानं वढली पायजे. पहाटी माह्याजवळ येऊन बसशीन?"

ती पहाट म्हणजे आमची शेवटची भेट. पुण्याहून तो परत आला नाही.

पहाटे मी काळा चष्मा लावून त्याच्या खाटेजवळ बसलो. मागचं दार फटभर उघडं होतं. बाहेर दगडावर सिगरेट होती, वाऱ्याने किंचित हलत होती. किसनने माझं मनगट धरलं. हात गार होता.

"तुले सांगतो, कोणाले सांगू नको. मले लय भेव वाटते त्याचं. तो खोकलला का मी गोधडीत तोंड घालतो. रोज. रात्रभर जागा राह्यतो, का आता पहाट होईन."

"मग ठेवतो काहून रे सिगरेट?"

"आता नाही म्हणाची हिंमत नाही."

आम्ही वाट पाहत राहिलो. आभाळ फटफटायला लागलं. कुणी आलं नाही. येणार कोण? येणारा त्याच्या उशाशी बसला होता.

"तू हायस म्हून लाजून राह्यला तो," किसन म्हणाला. त्याचे डोळे दारावरून हलत नव्हते.

"किसन," मी म्हणालो.

"काय?"

सगळं ओठावर आलं होतं. थोटूक, घोंगडी, ते "हूं". माफ कर म्हणायचं होतं. त्याने माझ्याकडे मान वळवली. चेहऱ्यावर एवढी आशा होती, की आता दादाबद्दलच काही चांगलं ऐकायला मिळेल.

"काही नाही," मी म्हणालो. "मी उठतो. मी गेलो का तो येईन."

आणि घरून घोंगडी डोक्यावर घेऊन, अंगणाला वळसा घालून मी कवठाकडे गेलो.