आत्याचा हात आणि चारशे वांगी

यशोधराच्या कॉम्प्युटरने पाण्याच्या स्टीलच्या ग्लासाला ‘उत्तम वांगं’ ठरवलं, तेव्हाच तिने घाबरायला हवं होतं. (एरवी ती कुकरच्या शिट्टीलाही घाबरायची, नेमकी तेव्हा घाबरली नाही.)

‘‘अवं पोर, हाऊ ग्लास शे!’’ भडगावची सुगंधाआत्या ग्लास कॅमेऱ्यापुढे तसाच धरून म्हणाली. ‘‘तुना मशीनले चष्मा लाव.’’

‘‘थकलाय तो, आत्या,’’ म्हणत यशोधराने कॉम्प्युटर बंद केला. संध्याकाळच्या एसटीने आत्या भडगावला परत गेली.

जळगावच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला यशोधराने प्रोजेक्ट घेतला होता: भरिताचं वांगं चांगलं की किडकं, हे कॉम्प्युटरने नुसतं बघून सांगायचं. त्याला नियम सांगायचे नाहीत, फोटो दाखवायचे. शिकायचं त्याचं त्याने. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या सुकदेवभाऊंचा कॅमेरा उसना आणला, आणि जाणकार म्हणून आत्याला बोलावलं. आत्याने पंधरा दिवसांत चारशे वांगी पारखली. चांगलं वांगं ती तळहातावर तोलून धरायची (हलकं म्हणजे बी कमी), किडकं दिसलं की शिवी हासडून पोत्यावर फेकायची. यशोधरा दोन्हींचे फोटो मन लावून घ्यायची. घरात दोन्ही वेळा भरीत. शेवटी वडिलांनी खानावळीचा डबा लावला.

सोमवारी तीन वाजता धुळ्याहून परीक्षक यायचे होते. पास झाली तर कॉलेजातच शिकवायची नोकरी. नाही तर मामांनी बघून ठेवलेलं नंदुरबारचं स्थळ. सकाळी तिने एक तुकतुकीत वांगं स्वतःच्या हातात धरलं. ‘किडकं.’ दुसरं धरलं. ‘किडकं.’ आईच्या हातात दिलं. ‘किडकं.’

‘‘माझ्या हाताला काय झालंय गं?’’ आई भडकली.

यशोधराला आत्याच्या हातातला ग्लास आठवला, आणि तिने सगळे फोटो पुन्हा बघितले. चांगल्या वांग्याच्या प्रत्येक फोटोत आत्याचा हात होता: हिरव्या बांगड्या, मनगटावर गोंदलेला विंचू. मेल्या कॉम्प्युटरने वांग्याकडे बघितलंच नव्हतं! सोपं सापडलं तेवढं शिकून घेतलं. (परीक्षेला ती स्वतःही असाच अभ्यास करायची, पण हा विचार तिने मागे ढकलला.)

तिने आईच्या हिरव्या बांगड्या चढवल्या, मनगटावर बॉलपेनने विंचू काढला. ‘किडकं.’

‘‘विंचू कुठला? झुरळ आहे हे,’’ आई म्हणाली.

कॉम्प्युटरला पुन्हा शिकवायला तीन दिवस लागणार होते. हातात होते पाच तास.

अनवाणीच ती कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये धावली. आत्याच्या शेजारी जीवरामभाऊंचं किराणा दुकान, फोन तिथेच. पहिल्यांदा एंगेज. दुसऱ्यांदा कुणीतरी ‘‘गूळ संपना!’’ म्हणून ठेवूनच दिला. तिसऱ्यांदा जीवरामभाऊंनी ‘‘थांब, बलावस’’ म्हणत रिसिव्हर तराजूशेजारी ठेवला, आणि दहा मिनिटं यशोधराने शेंगदाणे मोजलेले ऐकले.

अखेर खरखर झाली. ‘‘हां, कोन शे?’’

‘‘आत्या, आहेस तशी ये! अकराची एसटी पकड! तुझ्या हातात असल्याशिवाय त्याला चांगलं वांगं ओळखूच येत नाही, आणि साहेब तीनला येतायत!’’



‘‘येस ना पोर, येस,’’ आत्या म्हणाली. ‘‘पन एक सांग. परीक्षा तुनी शे का मनी?’’