पुट्टीत बसवलेला काटा

हणमंता लोहाराच्या रेडिओचा काटा हलत नाही. त्याला गाडीची पुट्टी लावलेली आहे. गाडीला पोचा आला की तो ठोकून काढतात आणि वरून राखाडी पुट्टी भरतात, तीच. हणमंतानं ती काट्यावर थापली, पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केली आणि कुठल्यातरी शेखच्या गाडीचा उरलेला पांढरा रंग वर फवारला. म्हणजे काम पक्कं. दोह्याचं एक मिडियम वेव्हचं स्टेशन लागायचं, दुसरं काही नाही.

हा माणूस दोह्याजवळ मुऐदरला माझ्या शेजारी राहतो. एका जुन्या व्हिलात खोल्या पाडून भाड्यानं दिल्यात, त्यातल्या दोन आमच्या. मधे जिप्समची भिंत आहे. इकडं शिंकलं की तिकडून कुणी तरी जियो म्हणतं. तो सांगली भागातला, गॅरेजमध्ये डेंटिंगचं काम करतो. मी पाण्याचा टँकर चालवायचो, आता थकलोय. मुलगा इंजिनियर आहे, द पर्लच्या समुद्राकाठच्या टॉवरात राहतो. त्याच्याकडं मी जात नाही. तिथं खिडकी उघडत नाही.

काट्याला पुट्टी का लावली, तर भांडणामुळं. तेव्हा हणमंता गॅरेजच्या खोलीत राहायचा. सोबत केरळचा जोसेफ, बंगाली रफीक आणि पेशावरचा एक गुलजान. रेडिओ एक आणि माणसं चार. ह्यानं लावलं की तो फिरवणार. एकदा ओढाओढीत काटाच निखळून गुलजानच्या हातात आला. हणमंतानं तो परत बसवला आणि पुट्टी थापली. म्हणाला, "खलास. आता ज्याला भांडायचं त्यानं स्टेशनवाल्याशी भांडावं."

त्या वेळी ते स्टेशन सगळ्यांना तास तास वाटून द्यायचं. सकाळी मल्याळम, दुपारी बंगाली, पाच वाजता हिंदी, मग उर्दू. खोलीत शांतता झाली. पुढं जोसेफ दुसरीकडं गेला, रफीक गावी गेला, गुलजानचं तर काही कळलंच नाही. हणमंता माझ्या शेजारी आला तो रेडिओ घेऊन, आणि गेलेल्यांचे तास एकटाच ऐकत बसायला लागला.

मी विचारलं, "अरे, तुला बंगालीतलं काय कळतं?"

"कळत न्हाई ओ नाना. पण त्याचा तास हाय."

पुढं स्टेशन विकलं गेलं. मग परत विकलं गेलं. मालक बदलला की नवीन बाई किंवा बुवा येऊन सांगायचा, आता सगळं नवीन, ऐकत राहा. हणमंताचं एकच, "मालक बदलला नाना, जागा तीच." एका मालकानं दिवसभर मल्याळम लावलं. हणमंता गॅरेजात गिऱ्हाइकाशी मल्याळममध्ये हवापाण्याच्या गप्पा मारायला लागला. गिऱ्हाईक कतरी होतं.

पुढचा मालक फ्लॅट विकणारा. एक बाई इंग्रजीत सकाळपासून फ्लॅटच सांगायची. हणमंताला त्यातलं सी फेसिंग तेवढं कळलं. एका शुक्रवारी धुतलेला शर्ट घालून तो मेट्रोनं द पर्लला फ्लॅट बघून आला. तिथल्या पोरीनं त्याला कॉफी पाजली म्हणे. मी म्हटलं, "काय रे, घेतोस का?"

"किचन बरं हाय. पण कपडं वाळत घालायला जागा न्हाई. मी सांगितलं त्यास्नी, विचार करून कळवतो."

ही खूप हसली होती त्या दिवशी. ही म्हणजे माझी मंडळी. ती गेल्याला आता वर्ष होऊन गेलंय. मूत्रपिंडं गेली. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

हिला हणमंताचा लळा होता. त्याचं लग्न राहून गेलेलं. मेथीची भाजी केली की वाटी भिंतीपलीकडं जायची. आणि त्याच्या रेडिओचा पाचचा तास हिचा होता. आमच्याकडं टीव्ही आहे, पण ही भिंतीला पाठ लावून भाजी निवडत बसायची आणि जुनी हिंदी गाणी ऐकायची. मी ओरडायचो, "हणमंता, बारीक कर ते!" ही म्हणायची, "राहू द्या ओ." असं रोज. बारीक कर आणि राहू द्या.

त्या तासाला लोक फोन करून फर्माईश सांगायचे. एका गुरुवारी तो निवेदक म्हणाला, मुऐदर से शेवंता भाभी के लिए. हिच्या हातातली जुडी खाली पडली. पलीकडून हणमंता खोकला. फोन त्यानंच केलेला.

मला राग आला. मी म्हटलं, "दुसऱ्याच्या बायकांची नावं रेडिओवर सांगतोय, लाज नाही त्याला."

ही म्हणाली, "रेडिओवर तरी आलं. तुमच्या तोंडातनं कधी आलंय?"

खरं होतं. आमच्याकडं बायकोचं नाव घेत नाहीत. लग्नात बायांनी दार अडवलं म्हणून उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर अगं, ऐकलं का, ह्यावर संसार झाला. हणमंताही तसलाच. तोंडावर वहिनी. नाव घेतलं असेल ते फोनवर, परक्या माणसाजवळ. पण तेव्हापासून गुरुवार हिचा वार झाला.

मल्याळम आलं तेव्हा त्यानं जोसेफला फोन लावून दोन वाक्यं पाठ केली आणि त्या बाईकडूनही नाव वदवून घेतलं. ही मल्याळममध्ये आपलं नाव ऐकून आठवडाभर खुशीत होती. फ्लॅटवालीनंही एकदा घेतलं. ही तेव्हा दवाखान्यात होती.

ही गेली. तिला गावी नेली, सगळं केलं, मी परत आलो. मुलगा म्हणाला माझ्याकडं चला, मी मुऐदरलाच आलो. पाच वाजले की खिडकी लावायची आणि टीव्ही मोठा करायचा. हणमंता दोनदा चपाती घेऊन आला. मी दारातूनच वाटेला लावला.

तोवर स्टेशनला फुटबॉलवाला मालक मिळाला होता. दोन पोरं दिवसभर हिंदी-इंग्रजीत भांडायची, कुणी गोल का घातला नाही म्हणून. एका गुरुवारी माझा टीव्ही बिघडला आणि गरम होतं म्हणून खिडकी उघडी राहिली. पाचच्या सुमाराला ती पोरं पेनल्टीवर हमरीतुमरीला आली होती. मधेच एक थांबलं आणि म्हणालं, "और हाँ, मुऐदर में शेवंता भाभी को हमारा सलाम। भाभी, मॅच देख रही हैं ना?"

मी उठलो आणि हणमंताच्या दारावर लाथ मारली. तो भात निवडत होता, म्हणजे तांदूळ. रेडिओ भिंतीला टेकून ठेवलेला, तोंड माझ्या खोलीकडं.

"हे काय चाललंय रे?"

"काय न्हाई. फोन केल्ता."

"कशाला?"

"वहिनींचा वार हाय."

"अरे, ती मेली, हणमंता! तुझ्याच गॅरेजच्या गाडीतनं तिला विमानतळावर नेली ना आपण?"

तो खाली बघत म्हणाला, "व्हय. पण त्या पोरांना मी सांगितलं न्हाई."

तो पुढं हळूच म्हणाला, "त्यांना म्हायतीच न्हाई. त्यांच्या हिशेबानं वहिनी अजून हितंच बसल्यात. भाजी निवडत ऐकत्यात. राहू द्या की नाना."

राहू द्या हा तिचा शब्द. मी परत आलो. पण खिडकी लावली नाही. पुढच्या गुरुवारी पाचला मी भिंतीला पाठ लावून बसलो. नाव आलं. त्याच्या पुढच्याही आलं. कधी फोन लागायचा नाही, तेव्हा हणमंता पलीकडं स्टेशनला शिव्या घालायचा आणि मी इकडं. फुटबॉल मला कळत नाही. त्या दोन पोरांची तोंडं मी कधी बघितली नाहीत. पण त्यांच्या लेखी माझी बायको जिवंत होती, म्हणून मला ती पोरं आवडायला लागली.

मग तो मालकही गेला. आताच्या मालकानं माणसंच काढून टाकली. कॉम्प्युटर गाणी लावायचा. फोन केला तर नुसती रिंग जायची. हणमंता म्हणाला, "नाना, कुणी उचलंना." दोन गुरुवार नावाशिवाय गेले. आणि पाठोपाठ कॉम्प्युटरमधली बाई सांगायला लागली की मिडियम वेव्ह बंद होतंय, आता मोबाईलवर ऐका.

मुलगा आला होता, त्यानं हणमंताच्या मोबाईलवर ते ॲप घालून दिलं. म्हणाला, "काका, तो रेडिओ टाकून द्या आता. दुसरं स्टेशनही लागणार नाही त्याच्यावर." हणमंतानं मोबाईल उलटापालटा करून बघितला. "यात बोलायला कोण हाय?" मुलगा म्हणाला कुणी नाही, फक्त ऐकायचं. हणमंता म्हणाला, "मग कशाला?"

मी रागानं म्हटलं, "पुट्टी फोड की त्या काट्याची. लागेल एखादं दुसरं."

"न्हाई," तो म्हणाला. "तिथली माणसं वळखीची न्हाईत."

गेल्या गुरुवारी पाच वाजता पलीकडून खटका दाबल्याचा आवाज आला. मग खरखर. नुसती खरखर, तव्यावर पाणी पडल्यासारखी. मी भिंतीला टेकून बसलो होतो. समोर मेथीची जुडी होती. मला निवडता येत नाही, काड्या राहतात. तरी आणतो.

मी काड्या खुडायला लागलो. मग हणमंता खोकला आणि त्या निवेदकासारखा आवाज काढून बोलायला लागला. "मुऐदर से..." एवढं म्हणून थांबला. परत सुरू केलं. "मुऐदर से... भाभी के लिए..." पुढचं येईना. भिंतीपलीकडं मी बसलोय हे त्याला ठाऊक होतं. थोरल्या माणसाच्या समोर त्याच्या बायकोचं नाव कसं घ्यायचं.

"नाना," तो म्हणाला, "मला न्हाई जमत ओ तुमच्यासमोर."

मी हातातली काडी खाली ठेवली.

"शेवंता," मी म्हणालो.

ऐकू गेलं नसेल म्हणून परत म्हणालो, मोठ्यानं. "मुऐदरची शेवंता."

पलीकडं हणमंतानं खरखर जरा मोठी केली. मी बारीक कर म्हटलं नाही.